चिपला उड्डाणाचा दाखला कोण देतो?



माझगाव जहाजांचे गाव आहे. इथे विमानाविषयी बोलायची परवानगी मी मागून घेतली, कारण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गृहस्थ गोदीत तपासणीच्या कामावर होते, आणि माझे आयुष्यही विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपासणीत गेले. बनवणाऱ्याचे नाव होते, तपासणाऱ्याचे होत नाही. अशा माणसाच्या नावाने व्याख्यानमाला चालते, याचे मला मनापासून कौतुक आहे.

समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी गोदीत उमेदवारी केली आहे. निलगिरीपासून कलवरीपर्यंतच्या युद्धनौका आणि पाणबुड्या ज्या गोदीने बांधल्या तिथल्या माणसांना काही गोष्टी नव्याने सांगायला नकोत. पोलादाची प्लेट येते तेव्हा तिच्यावर हीट नंबर ठोकलेला असतो आणि सोबत कारखान्याचे प्रमाणपत्र असते. प्लेट कापली की तो नंबर प्रत्येक तुकड्यावर उतरवून घ्यायचा. सांधा कोणत्या वेल्डरने जोडला त्याची खूण सांध्याशेजारी असते आणि त्या सांध्याचा रेडिओग्राफ दप्तरी असतो. नंबर नसलेला तुकडा कितीही उत्तम पोलादाचा असला तरी तो जहाजात जात नाही. विमानातल्या चिपच्या बाबतीत आम्ही नेमके हेच करतो. फरक एवढाच की आमची प्लेट डोळ्यांना दिसत नाही आणि आमच्या सांध्याचा एक्स-रे निघत नाही.

आधी ही चिप म्हणजे काय ते सांगतो. एफपीजीए नावाची चिप कारखान्यातून निघते तेव्हा तिला कोणतेही काम येत नसते. तिच्यात तर्काचे छोटे छोटे कप्पे असतात आणि ते एकमेकांना जोडता येतील अशा तारा आणि स्विच असतात. इंजिनियर व्हीएचडीएल किंवा व्हेरिलॉग या भाषेत लिहितो की मला असे असे सर्किट हवे. एक सॉफ्टवेअर त्या मजकुराचे सर्किट बनवते, दुसरे ते सर्किट कप्प्यांवर मांडते, आणि शेवटी शून्य-एकांची एक लांबलचक माळ तयार होते. ती माळ चिपमध्ये भरली की ती चिप विशिष्ट कामाची होते. १९८५ साली झायलिंक्सने बाजारात आणलेल्या पहिल्या एफपीजीएमध्ये असे ६४ कप्पे होते. आज लाखांनी असतात.

विमानाच्या धंद्याला ही चिप फार सोयीची. खास एका कामासाठी चिप घडवून घ्यायची तर कोट्यवधी रुपयांचा खर्च येतो आणि तो लाखो मोबाइलांवर वाटला तरच परवडतो. विमानाचा एखादा संगणक शंभर किंवा हजार नगांत संपतो. म्हणून १९९० नंतर विमानातल्या पेट्यांमधून ही चिप झपाट्याने पसरली. सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८ नावाचे कडक मार्गदर्शन तेव्हा अस्तित्वात होते. जे काम काल सॉफ्टवेअर करत होते तेच काम चिपमध्ये उतरवले तर मात्र त्याला तेवढी कडक विचारपूस होत नव्हती. ही फट बुजवण्यासाठी आरटीसीए या अमेरिकी संस्थेने २००० साली डीओ-२५४ प्रसिद्ध केले. युरोपात त्यालाच ईडी-८० म्हणतात. २००५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने एक परिपत्रक काढून प्रोग्रॅमेबल चिपसाठी हा मार्ग मान्य असल्याचे जाहीर केले. नंतर युरोपने २०२० मध्ये आणि अमेरिकेने २०२२ मध्ये त्या परिपत्रकाची सुधारलेली आवृत्ती काढली.

आता एवढा खटाटोप कशासाठी, हे या शहरातल्या माणसाला एका तारखेवरून कळेल. १ जानेवारी १९७८. ‘सम्राट अशोक’ हे एअर इंडियाचे पहिले जंबो जेट रात्री सांताक्रूझहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. विमानातले २१३ जण गेले. कॅप्टनसमोरचे क्षितिजदर्शक यंत्र वळणानंतर अडकले होते. विमान सरळ झाले तरी ते उजवीकडे कललेलेच दाखवत राहिले. पुढे काळोखा समुद्र, बाहेर क्षितिज दिसायचे नाही. कॅप्टनने यंत्रावर विश्वास ठेवून विमान डावीकडे कलवले आणि कलवत नेले. शेजारच्या वैमानिकासमोरचे यंत्र वेगळे सांगत होते. ते ताडून पाहण्याइतका वेळ उरला नाही. पुढे अमेरिकेतल्या न्यायालयात यंत्रे आणि विमान बनवणाऱ्यांवरचे निष्काळजीपणाचे आरोप फेटाळले गेले, म्हणून दोष कोणाचा या चर्चेत मी शिरत नाही. त्या यंत्रात आजच्यासारखी चिपही नव्हती.

मला त्या रात्रीतून एकच गोष्ट उचलायची आहे. ते यंत्र बंद पडले असते, काळे झाले असते, तर वैमानिकाने दुसरीकडे पाहिले असते. ते चालू राहिले आणि चुकीचे सांगत राहिले. म्हणून आमच्याकडे कोणत्याही उपकरणाला दोन वेगळे प्रश्न विचारतात: हे बंद पडले तर काय होईल, आणि हे कोणाच्या लक्षात न येता खोटे सांगू लागले तर काय होईल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा जास्त भयंकर असते. त्या उत्तरावरून चिपची पातळी ठरते. ए ते ई अशा पाच पातळ्या आहेत. जिच्या चुकीने विमान आणि माणसे गमवावी लागतील ती ए. प्रवाशाच्या आसनावरचा वाचनाचा दिवा तळाला. पातळी ए असेल तर अशी आपत्ती उड्डाणाच्या एका तासात शंभर कोटींत एकदा, याहून अधिक संभाव्य असता कामा नये.

आता कोणीही विचारेल की चिप बनवा, टेबलावर ठेवा आणि सगळ्या परिस्थितींत चालवून पाहा, संपले. माझ्या विद्यार्थ्यांना मी इथे एक हिशेब करायला सांगतो. दोन संख्यांची बेरीज करणारे सर्किट घ्या, प्रत्येक संख्या ३२ बिटांची. इनपुटच्या एकूण जोड्या होतात २ चा ६४ वा घात, म्हणजे १८ च्या पुढे अठरा शून्ये, त्याहूनही थोडे जास्त. सेकंदाला शंभर कोटी जोड्या तपासल्या तरी ५८० वर्षांहून अधिक काळ लागेल. ही साधी बेरीज झाली, जिला मागचे काही आठवत नाही. विमानातल्या चिपला मागच्या क्षणाची स्थिती आठवत असते, त्यामुळे इनपुट कोणत्या क्रमाने आले हेही तपासावे लागते. डीओ-२५४ च्या भाषेत ज्या चिपची चाचणी आणि विश्लेषण मिळून सर्व परिस्थितींत खात्री देता येते ती ‘साधी’, उरलेल्या सगळ्या ‘गुंतागुंतीच्या’. आज विमानात जाणारी जवळपास प्रत्येक एफपीजीए दुसऱ्या गटात मोडते.

यात विमानविद्येला एक नवा धक्का होता. गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूचे डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी जर्मनीत गटिंगनला लुडविग प्रांटलच्या हाताखाली डॉक्टरेट केली आणि पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ या भारतीय प्रशिक्षण विमानाची रचना केली. ते १९५१ साली उडाले. घाटग्यांच्या पिढीतल्या अभियंत्याला पंख पुरेसा मजबूत आहे का हे पाहायचे तर तो पंखावर वजन चढवत जाई. पंख उडताना सोसेल त्या कमाल भाराच्या दीडपट भार पेलला पाहिजे, असा विमानांचा दंडक आहे. थोडी चूक झाली तर त्या दीडपटीत ती सामावून जाते. तर्काला दीडपट नसते. एका बिटाने चुकलेले सर्किट थोडेसे चुकत नाही. ते कधी काहीच चुकत नाही आणि कधी पूर्ण चुकते. पन्नास अंशांना पास झालेले सर्किट एकावन्न अंशांनाही बरे असेल, हा अंदाज तिथे चालत नाही.

त्याहून अवघड प्रश्न जोडीदारांचा. तेजस विमान हवेत मुळातच अस्थिर ठेवलेले आहे. त्यामुळे ते चपळ होते, पण संगणकाशिवाय ते माणसाच्या हाताने उडवता येत नाही. म्हणून त्याच्या उड्डाण-नियंत्रण संगणकात चार समांतर चॅनेल आहेत. एक बिघडला तर उरलेले तीन त्याला मतदानाने बाहेर काढतात. तारेचा टाका निखळला, चिप जळली, वीज गेली, अशा बिघाडांवर हा उपाय रामबाण आहे, कारण असे बिघाड चारही ठिकाणी एकाच क्षणी होत नाहीत. पण रचनेतच चूक असेल तर? चारही चॅनेलमध्ये तीच चिप, त्याच चिपमध्ये तीच माळ. चौघेही त्याच क्षणी तीच चूक करतील आणि मतदानाचा निकाल एकमताने चुकीचा लागेल. चौपट संगणक बसवून रचनेतली चूक चौपट कमी होत नाही. ती शोधावी लागते, आणि शोधायला माणूस लागतो.

म्हणून दाखला चिपला मिळत नाही, तो चिप ज्या रीतीने घडली त्या रीतीला मिळतो. कामाच्या सुरुवातीला एक योजना लिहायची: कोणती चिप, कोणती पातळी, कोण काय तपासणार. ती प्रमाणन अधिकाऱ्याने मान्य केल्यावर पुढे जायचे. चिपने काय करायचे याची प्रत्येक अपेक्षा वेगळ्या क्रमांकाने लिहायची. व्हीएचडीएलची प्रत्येक ओळ कोणत्या तरी क्रमांकाकडे बोट दाखवणारी हवी. ज्या ओळीला क्रमांक नाही ती ओळ काढून टाका किंवा ती का आहे ते सांगा. प्रत्येक क्रमांकासाठी चाचणी, चाचणीचा निकाल, निकाल पाहणाऱ्याची सही. आणि वरच्या पातळ्यांना एक अट अशी की ज्याने लिहिले त्याने तपासायचे नाही. मुंबईतल्या तरुण मुलांना ही अट अपमानाची वाटते, हे मी पाहिले आहे. त्यांना सांगावे लागते की हा अविश्वास नव्हे. आपण लिहिलेला मजकूर वाचताना आपल्याला मजकूर दिसत नाही, आपला हेतू दिसतो.

आणि अविश्वास खरोखर कोणावर ठेवायचा, तर टूलवर, म्हणजे मजकुराचे सर्किट बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. याचे उदाहरण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण पहिल्यांदा ऐकताना कोणालाही ते खरे वाटत नाही. समजा एखाद्या कामाचे महत्त्व ओळखून तुम्ही चिपमध्ये त्याच सर्किटच्या तीन प्रती ठेवल्या आणि त्यांच्यात मतदान घेतले. सर्किट बनवणारे सॉफ्टवेअर पाहते की तीन ठिकाणी अगदी तेच काम चालले आहे, ही उधळपट्टी आहे. ते दोन प्रती काढून टाकते आणि एकच ठेवते! तुमच्या मजकुरात तीन आहेत, सिम्युलेशनमध्ये तीन दिसतात, चिपमध्ये एक. दुसरे उदाहरण याहून सूक्ष्म. सर्किट कधी नको त्या स्थितीत गेले तर तिथून सुरक्षित स्थितीत परत आणण्याची वाट तुम्ही लिहून ठेवली. टूल विचार करते की या नको त्या स्थितीत पोचायला एकही रस्ता नाही, मग परतीची वाट हवी कशाला? ते ती वाट पुसते. टूलचे तर्कशास्त्र बिनचूक आहे. सर्किटमधून तिथे पोचायला खरोखरच रस्ता नाही. रस्ता आहे तो आकाशातून.

वैश्विक किरण वातावरणात शिरले की कणांचा वर्षाव होतो. इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकणांच्या अशा वर्षावाचे गणित मांडले ते आपल्या मुंबईच्या होमी भाभांनी, वॉल्टर हाइटलर यांच्यासह, १९३७ साली. आमच्या चिपला धोका आहे तो त्याच किरणांपासून हवेत जन्मणाऱ्या न्यूट्रॉनचा. चाळीस हजार फुटांवर न्यूट्रॉनची संख्या समुद्रसपाटीच्या सुमारे तीनशे पट असते. एखादा न्यूट्रॉन सिलिकॉनच्या अणूवर आदळला तर स्मृतीतला शून्याचा एक होऊ शकतो. साध्या संगणकात अशाने एखादी संख्या चुकेल. ज्या एफपीजीएची माळ एसरॅम स्मृतीत ठेवलेली असते तिथे मात्र संख्या नव्हे, सर्किटच बदलते. काल जी तार जोडलेली होती ती आज तुटलेली. यावर उपाय आहेत. माळ फ्लॅश प्रकारच्या स्मृतीत ठेवणारी चिप निवडा, किंवा माळ सतत वाचून दुरुस्त करत राहा, किंवा तीन प्रती ठेवा आणि त्या अंतिम चिपमध्ये टिकल्या आहेत हे डोळ्यांत तेल घालून पाहा. टूलने दिलेले अंतिम सर्किट उघडून पाहणे हा आमच्या कामाचा सर्वांत कंटाळवाणा भाग, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा.

आकाशातला हा रस्ता पुस्तकी नाही. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी जेटब्लू कंपनीचे एक ए-३२० विमान मेक्सिकोतल्या कानकूनहून निघाले असताना अचानक खाली झुकले. महिनाभराने एअरबसने जाहीर केले की तीव्र सौर किरणोत्सारामुळे उड्डाण-नियंत्रणाची माहिती बिघडू शकते, आणि जगभरातल्या सुमारे सहा हजार विमानांत तातडीने बदल करावा. भारतातली तीनशेहून अधिक विमाने त्यात होती. बहुतेक विमानांत सॉफ्टवेअरची आधीची आवृत्ती परत बसवली गेली, थोड्यांत संगणकच बदलावा लागला. तो प्रश्न सॉफ्टवेअरचा होता, एफपीजीएचा नव्हे, हे स्पष्ट सांगतो. पण एवढ्या विमानांना एकाच आठवड्यात ‘आधीची आवृत्ती’ देता आली ती कशामुळे? कोणत्या विमानात कोणती आवृत्ती आहे याची नोंद होती, आणि जुनी आवृत्ती जशीच्या तशी जपलेली होती म्हणून. प्लेटवरचा नंबर तो हाच.

इथून मी स्वदेशीकडे वळतो, कारण आजच्या व्याख्यानाचा खरा मुद्दा तो आहे. तेजसच्या उड्डाण-नियंत्रण संगणकाचे काम आरंभी अमेरिकी कंपनीच्या सहकार्याने चालले होते. मे १९९८ च्या पोखरणच्या चाचण्यांनंतर निर्बंध आले आणि ते सहकार्य तुटले. आपल्या लोकांनी उरलेले काम इथे पुरे केले आणि ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी ते विमान उडवले. मार्क-१ए या सुधारित विमानासाठीचा नवा संगणक बंगळूरच्या एडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने घडवला आणि तो १९ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रथम उडाला. त्याच्या सरकारी निवेदनात दोन वैशिष्ट्ये एकमेकांशेजारी दिली आहेत: पातळी ए चे सॉफ्टवेअर, आणि स्वतःच्या तर्काने चालणारा वेगवान इनपुट-आउटपुट नियंत्रक. वर्तमानपत्रांनी पहिल्या उड्डाणाचा फोटो छापला. त्या नियंत्रकाची पडताळणी करणाऱ्यांचा फोटो कोणी छापला नाही, आणि मला तो हवा होता.

स्वदेशी म्हणजे पेटीवर आपले नाव, असा समज आपल्याकडे पक्का आहे. बाहेरून पेटी विकत घेतली तर तिच्याबरोबर दाखल्याची प्रत येते, दाखल्यामागचा पुरावा येत नाही. अपेक्षापत्रक, चाचण्या, सापडलेल्या चुका, त्या कशा मिटवल्या, हे सगळे विकणाऱ्याच्या कपाटात राहते. त्यामुळे उद्या एक ओळ बदलायची झाली तरी त्याच्या दारात जावे लागते. पुरावा आपल्या कपाटात असेल तेव्हा ती वस्तू आपली. आणि पुरावा मागाहून गोळा करता येत नाही. अनेक ठिकाणी चिप आधी बनवतात, ती चालते म्हणून आनंदतात, आणि प्रमाणनाची तारीख जवळ आली की मागचे कागद लिहायला बसतात. असे कागद मी वाचले आहेत. त्यांत सगळ्या चाचण्या पहिल्याच फटक्यात पास झालेल्या असतात आणि एकही चूक सापडलेली नसते. त्यावरूनच ते ओळखू येतात.

पुराव्याविषयी बोलताना गिरगावात हमखास शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव निघते, आणि ते निघावे, कारण विमानाचे स्वप्न त्यांनी मनापासून पाहिले. १८९५ साली त्यांनी चौपाटीवर विमान उडवले असे सांगितले जाते. विश्वासार्ह समकालीन नोंद, मोजमाप, आराखडा यांपैकी काहीही हाती नाही. ज्या वैमानिकशास्त्र ग्रंथाशी त्यांचे नाव जोडतात त्याचा अभ्यास १९७४ साली भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी केला. त्यात वर्णन केलेली विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. अशा दाव्यांचा अभिमान बाळगण्यापेक्षा घाटग्यांची गणिते शाळेत शिकवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता नाशिक. ओझरच्या एचएएल कारखान्यात १९६० च्या दशकापासून मिग आणि नंतर सुखोई बनत आले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथल्या नव्या उत्पादन रांगेतून तेजस मार्क-१ए उडाले. २०२१ मध्ये ८३ आणि २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचे करार झाले आहेत, म्हणजे एकूण १८०. लष्करी विमानांची उड्डाणयोग्यता पाहणाऱ्या सेमिलॅकचे प्रादेशिक केंद्रही नाशिकला आहे. महाराष्ट्राच्या तरुणांसाठी हे काम दाराशी आले आहे. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत व्हीएचडीएल शिकवतात, प्रकल्पात दिवा लुकलुकला की गुण देतात, आणि तिथे थांबतात. माझी सूचना अशी की शेवटच्या वर्षी एका गटाने चिपची रचना करावी, दुसऱ्या गटाने फक्त अपेक्षापत्रक हाती घेऊन ती मोडायचा प्रयत्न करावा, आणि गुण दोघांना सारखे असावेत. यासाठी नवे यंत्र, नवी इमारत, काहीही लागत नाही.

कारखान्याकडे मात्र एक मागणी आहे आणि ती पैशांची आहे. ही विमाने तीस-चाळीस वर्षे उडतील. आज त्यांत बसवलेली चिप तोवर बाजारात राहणार नाही. चिपची पिढी दहा-पंधरा वर्षांत संपते. पंधरा वर्षांनी कोणी तरी तोच तर्क नव्या चिपमध्ये उतरवायला बसेल. त्याला मूळ मजकूर लागेल, अपेक्षापत्रक लागेल, चाचण्या लागतील. शिवाय त्याआधी जुन्याच चिपमध्ये एखादी ओळ बदलायची झाली तर ज्या टूलने माळ बनवली त्याची तीच आवृत्ती लागेल, तिचा चालू परवाना लागेल आणि ती आवृत्ती ज्यावर चालते तो जुना संगणकही लागेल, कारण नव्या टूलने बनवलेली माळ जुन्या माळेशी जुळत नाही आणि मग सगळी पडताळणी पुन्हा करावी लागते. असे संगणक चालू स्थितीत ठेवणारी एक कुलूपबंद खोली, तिची वीज, तिची देखभाल, तिथे दर वर्षी एकदा जुनी माळ पुन्हा बनवून ती बिटाबिटाने जुळते का पाहणारा एक माणूस, एवढी तरतूद पहिल्या विमानाच्या अंदाजपत्रकातच हवी. खोली फार मोठी लागत नाही. माणूस मात्र कायमचा लागतो, आणि त्याच्या निवृत्तीआधी दोन वर्षे त्याच्या हाताखाली दुसरा नेमलेला असावा लागतो.